व इतर

त्या रविवारी उपासना संपली तरी पाळकसाहेबांनी कोणाला उठू दिलं नाही. मंडळीचे पंच भास्करराव पुढे आले. त्यांच्या हातात माझी वही होती, कबरस्तानाच्या भिंतीच्या कामाची. त्यांनी चष्मा पुसला, लावला आणि वाचायला सुरुवात केली.

"दरवाजाची बाजू, लिंबाखालची. भास्करराव व कुटुंब. बावीस दिवस."

मी मागे, चपला काढतात त्या दाराजवळ, फरशीवर बसले होते. आमची बसायची जागा तीच. पुढे सतरंजीवर जुनी घराणी. वही मीच आखली होती, मीच भरली होती. भास्कररावांच्या घरातून त्या भिंतीवर बावीस दिवस काय, एक दिवसही कोणी आलं नव्हतं. त्यांची ओळ मी कोरी सोडली होती. ती आता भरलेली होती.

त्यांनी आणखी चार घराण्यांची नावं वाचली. प्रत्येकापुढे दिवस होते. त्या ओळीही मी कोऱ्याच सोडल्या होत्या. मग त्यांनी पान उलटलं. या पानावर सदतीस नावं होती. पहिलं माझ्या आईचं.

भास्कररावांनी पानावर वरून खाली नजर फिरवली.

"नाल्याची बाजू. महारवाडा व इतर."

आणि वही मिटली.

मी उभी राहिले. "साहेब, त्या पानावर नावं आहेत."

"आहेत ना. देवाला सगळी ठाऊक आहेत, बाई. त्याला वाचून दाखवायची गरज नाही."

"मग पहिल्या पानावरची का वाचली?"

सतरंजीवरून एक बाई म्हणाल्या, "मेट्रनबाईंना वाटतंय, बोर्डिंगच्या चादरी मोजायच्या चालल्यात." पुष्कळजण हसले. आमच्यातलेही दोघेतिघे हसले. मी खाली बसले.

खाली बसले, हे आधी लिहून ठेवते. पुढे मी उठले ते सांगताना हे झाकायचं नाही.

मी तेव्हा मिशनच्या मुलींच्या बोर्डिंगची मेट्रन होते. वय चव्वेचाळीस, नवरा जाऊन बारा वर्षं झालेली. साठ मुलींची ताटं, वाट्या, परकर, कंदील, कोणाचं डोकं कधी तपासलं, कोणाला कधी ताप आला, सगळं माझ्याकडे लिहिलेलं असे. मला गाता येत नाही, सुंदर प्रार्थनाही करता येत नाही. यादी करता येते. जी वस्तू यादीत नसते ती आधी हरवते, हे मी कामातून शिकले होते. माणसाचंही तसंच असतं, हे कळायला उशीर झाला.

आमचं घर आजोबांच्या वेळेस ख्रिस्ती झालं. भास्कररावांचे वडील त्याच सुमाराला झाले, ते ब्राह्मणाघरचे. त्यांच्या बापानं ते जिवंत असताना त्यांचं श्राद्ध घातलं होतं, असं सांगतात. ते खरं असेल. त्यांनी खूप सोडलं. घर सोडलं, वाटणी सोडली, आईचं तोंड पाहायचं सोडलं. म्हणून मंडळीत त्यांचा मान. पण आमच्या घरचं पाणी प्यायची वेळ आली की त्या घरातल्या कोणालाच तहान लागत नसे. ते एक सुटलं नाही.

आता भिंतीचं सांगते. आमचं कबरस्तान गावाबाहेर, वळसंगच्या रस्त्याला. पूर्वी त्याला कुंपण नव्हतं. मध्ये थोडी उंच जमीन, तिथे जुन्या घराण्यांच्या फरशीबंद कबरी. नाल्यापलीकडच्या उतारावर आमच्या, नुसत्या मातीच्या. प्लेगच्या साली माझे वडील गेले. माणसं मिळेनात, म्हणून खड्डा उथळ राहिला. तिसऱ्या दिवशी आई कबरीवर काट्या घालायला गेली, तेव्हा कोल्ह्यांनी माती उकरली होती. तिनं काय पाहिलं ते तिनं कधी सांगितलं नाही. एकदाच म्हणाली, "वळकू आला, एवडंच हाय."

त्या दिवसापासून तिचं देवाकडे एकच मागणं होतं. मरणाला ती भीत नव्हती. उकरलं जायला भीत होती.

शहरातला मार्शल लॉ उठून वर्ष झालं असेल, तेव्हा पाळकसाहेबांनी भिंतीचा विचार काढला. मंडळीनंच हातानं बांधायची. प्रत्येक घराला एक बाजू. ज्याची बाजू, तिच्यालगतची आतली जागा त्याच्या घरच्या मातीसाठी. त्यांनी हे व्यासपीठावरून सांगितलं. आईनं माझं मनगट धरलं, आणि उपासना संपेपर्यंत सोडलं नाही.

प्रवचनांना त्यांनी नहेम्याचं पुस्तक घेतलं. यरुशलेमचा कोट पडला होता, तो लोकांनी पुन्हा बांधला, त्याची हकिगत. पहिल्या रविवारी पहिला अध्याय, दुसऱ्या रविवारी दुसरा. तिसऱ्या रविवारी ते म्हणाले, "तिसरा अध्याय म्हणजे नुसती नावांची यादी आहे. तो सोडून आपण चौथ्याकडे वळू." सगळ्यांनी पान उलटलं. मीही उलटलं.

पण यादी म्हटल्यावर मला राहवेना. दुसऱ्या दिवशी मुली शाळेत गेल्यावर तो अध्याय काढून वाचला. कुठल्या वेशीपासून कुठल्या बुरुजापर्यंत कोणी बांधलं, त्याच्या शेजारी कोणी, त्याच्या शेजारी कोणी. दारं कोणी बसवली, कड्या आणि अडसर कोणी लावले. मला वाटलं, लिहिणारा माणूस चोख आहे. मी वही तशीच आखली. त्या वेळी त्या अध्यायातून मी एवढंच घेतलं.

काम चार महिने चाललं. वडार दगड फोडून देत, आम्ही वाहून नेत असू. मिलचा भोंगा झाला की माणसं थेट तिकडे येत, अंगावर कापूस चिकटलेला तसाच. बायका सकाळच्या. आई सत्तरीला आलेली. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर घमेलं, आणि घमेल्यात चुना. मी म्हणायची, "आये, दोन खेपा पुरे." ती म्हणायची, "तू लिव. मला मोजू नगंस."

नाल्याची बाजू पुरी झाली. दरवाजाची बाजू तशीच उघडी. ती भास्कररावांकडे आणि आणखी चार जुन्या घराण्यांकडे होती. भास्कररावांना ऊन सोसत नसे, त्यांच्या मुलाला कचेरी होती, सुनेला बरं नव्हतं. शेवटी पाळकसाहेब आमच्याकडे आले. दरवाजाकडून भिंत उघडी राहिली तर बाकीच्या भिंतीचा उपयोग काय? एवढं तुम्हीच उरका. आम्ही उरकलं. आईचं नाव मी दुसऱ्यांदा लिहिलं.

त्या दिवशी लाजरस तिला चिडवत होता. लाजरस आमच्याच आळीतला, मिलमध्ये गाठी वाहणारा.

"आजे, दोन बाजू घेतल्यास. आता डोकं हितं अन् पाय तितं ठिवावं लागतील की तुजं."

"ठिव की. कोल्ह्याला लई चालावं लागंल. दमून जाईल मेला."

सगळे हसले. आईही हसली. तिला हसताना मी फार वेळा पाहिलं नव्हतं.

माझी चूक झाली ती इथे. जे आले त्यांच्या नावापुढे मी उभी रेघ ओढत होते. जे आले नाहीत त्यांच्यापुढे फुली मारायला हवी होती. बोर्डिंगात मी मारत असे. पण मंडळीच्या वहीत हात अडला. प्लेगात मुन्सिपालटीची माणसं दारावर खडूनं फुली मारून जात, आणि त्या घरातलं माणूस परत येत नसे. तेव्हापासून आई म्हणायची, "जित्या माणसाच्या नावाफुडं फुली वडू न्हाय." आमच्या आळीत सगळेच हे पाळत. त्यात नावं मोठ्या घरची. म्हणून मी त्यांच्या ओळी कोऱ्या सोडल्या. याला मी सभ्यपणा समजत होते. खरं म्हणजे मी त्यांच्यासाठी जागा राखून ठेवत होते. त्यांनी ती भरली.

त्या रविवारी, हसणं ऐकून झाल्यावर, मी पाळकसाहेबांकडे गेले. माणूस वाईट नव्हता. खुर्ची दिली.

"बाई, ओळ रिकामी होती. भास्करराव म्हणाले, राहून गेली असेल. तुम्ही तिथे काहीच का लिहिलं नाही?"



मग त्यांनी पुढचं सांगितलं. भिंतीच्या आत जागा थोडी आहे. मंडळीच्या कमिटीनं ठरवलंय की ज्या घराण्यांची नावं वाचली गेली त्यांच्यासाठी ती ठेवायची. बाकीच्यांनी नाल्यापलीकडे, पूर्वीप्रमाणे.

"पूर्वीप्रमाणे म्हणजे उघड्यावर."

"हळूहळू तिकडेही कुंपण करू."

"माझी आई आजारी आहे, साहेब."

त्यांनी टेबलावरचे कागद सारखे केले. "मी एकटा काय करणार?" म्हणाले.

आईला पंधरा दिवस ताप होता. चुन्यानं तळहात फुटले होते ते भरलेच नाहीत. चर्चला ती आली नव्हती. मी घरात पाय ठेवला तशी विचारती झाली.

"वाचली का गं यादी?"

"वाचली."

"माजं नाव?"

"वाचलं."

"कितवं?"

"पहिलं."

"मोट्यानं?"

"व्हय."

तिनं डोळे मिटले. "मग झालं," म्हणाली.

आयुष्यात मी यादीबद्दल एवढी एकच गोष्ट खोटी सांगितली.

सोमवारी दुपारी बोर्डिंगच्या कोठीत बसून मी तो तिसरा अध्याय पुन्हा काढला. का काढला ते सांगता येत नाही. प्रार्थना होत नव्हती, आणि ओळखीच्या वचनांचा राग येत होता. कष्टी लोकांनो या, मी तुम्हाला विसावा देईन. आम्हाला नेहमी तेच वाचून दाखवत. बायबलातली विसाव्याची सगळी वचनं दाराजवळच्या फरशीसाठी, आणि बाकीचं पुस्तक सतरंजीसाठी.

मी बोट ठेवून एकेक ओळ वाचली. सोनारानं बांधलं. अत्तर करणाऱ्यानं बांधलं. मुख्य याजकानंही बांधलं, तो आपल्या भावांना घेऊन उठला. उकिरड्याची म्हणून एक वेस होती, जिथून गावाची घाण बाहेर जाई. तीही कोणीतरी बांधली, आणि बांधणाऱ्याचं नाव आहे, त्याच्या बापाचं नाव आहे. गावाची घाण जाते ती वाट कोणाच्या वाट्याला येते, हे मला कोणी शिकवायला नको. पण ती बांधणाऱ्याचं नाव देवाच्या पुस्तकात असतं, हे मला चव्वेचाळीस वर्षांत एकाही पाळकानं सांगितलं नव्हतं.

मग तकोवा गावच्या लोकांची ओळ आली. त्यांनी काम केलं, आणि लगेच पुढे लिहिलंय की त्यांच्यातल्या थोरामोठ्यांनी धन्याच्या कामाला मान वाकवली नाही. मी थांबले. पुन्हा वाचलं. लिहिणाऱ्यानं तिथे ओळ कोरी सोडली नव्हती. पुढे खाली तीच तकोव्याची माणसं पुन्हा येतात. त्यांनी आणखी एक बाजू बांधली. थोर बसून राहिले आणि गरिबांनी दोन बाजू उचलल्या. माझी आई मला त्या ओळीत सापडली. चुंबळीसकट.

शल्लूम नावाच्या माणसानं आपल्या मुलींना घेऊन बांधलं, असंही एक वाक्य आहे. मुली किती, त्यांची नावं काय, ते लिहिलेलं नाही. तिथे मला त्या चोख माणसाचाही राग आला. शास्त्रावर काही लिहू नये म्हणतात. मी पेन्सिलीनं त्या ओळीच्या कडेला आईचं नाव लिहिलं. सगुणा.

देव मला त्या कोठीत भेटला असं मी म्हणणार नाही. तसं म्हणणारी माणसं मी पुष्कळ ऐकली आहेत. मला एवढं समजलं की तो हजेरी ठेवतो, दोन्हीकडची ठेवतो, आणि ज्यांना ती ठेवायचं काम दिलंय त्यांनी भिडेपोटी जागा सोडायची नसते. मी त्याच्या कामात कसूर केली होती.

बुधवारी सकाळी आई गेली.

चर्चच्या कपाटाची एक किल्ली माझ्याकडे असे, पडदे आणि मेजावरची कापडं मीच धूत असे म्हणून. मी कपाट उघडलं आणि माझी वही घेतली. मग लाजरसकडे गेले. "नाल्याच्या बाजूला, भिंतीच्या आत. चार हात खोल."

"कमिटी न्हाय म्हनती की, बाई."

"मला ठाऊक आहे."

 तो कुदळ घेऊन निघाला. जाताना आणखी सहाजणांना हाका मारल्या. त्या दिवशी सातांनीही मिलचा खाडा केला.

आम्ही आईला घेऊन पोचलो तेव्हा खड्डा तयार होता. दरवाजात भास्करराव उभे होते, आणि त्यांच्या मागे पाळकसाहेब.

"बाई, इथे खणायला कोणी सांगितलं?"

"मी."

"कमिटीचा निर्णय तुम्हाला कळवला होता."

"कळला. ज्याची बाजू त्याची जागा, हे त्याआधी व्यासपीठावरून कळवलं होतं."

"दुःखात माणूस काहीही बोलतो. म्हणून मी मनावर घेत नाही. माती नाल्यापलीकडे न्या."

खांदेकरी थांबले होते. ऊन चढत होतं. मी बायबल उघडलं. आमच्यात बायका कबरीपाशी वाचत नाहीत, पाळक वाचतात. मी म्हणाले, "पाळकसाहेब, तुमचा एक अध्याय वाचायचा राहिला होता. तो मी वाचते."

मी नहेम्याचा तिसरा अध्याय वाचला. सगळा. बत्तीस वचनं आहेत त्यात, आणि निम्म्याहून अधिक नावं, जीभ अडखळेल अशी. मी अडखळले. तिथे पुन्हा वाचलं. कोणी हललं नाही. तकोव्याच्या थोरांची ओळ आली ती मी दोनदा वाचली, आणि दुसऱ्यांदा वाचताना भास्कररावांकडे पाहिलं. त्यांनी चष्मा काढला.

मग बायबल मिटलं आणि वही उघडली. "दरवाजाची बाजू," मी वाचलं. "पाच घराणी. एकही माणूस, एकही दिवस आला नाही. इथे जे दिवस भरलेत ते अक्षर माझं नाही. ही बाजू महारवाड्यानं बांधली."

"बाई, तोंड सांभाळा."

"नाल्याची बाजू. लाजरस."

लाजरस खड्ड्याच्या कडेला उभा होता. तो म्हणाला, "हाय."

मी पुढचं नाव घेतलं. तेही आलं, "हाय." मग पुढचं. छत्तीस नावं मी वाचली. जी तिथे होती ती बोलली. जी मिलमध्ये होती त्यांच्या बायका बोलल्या. कोणी ओरडून बोललं नाही. कामावर हजेरी देतात तसं, साधं.

शेवटी मी सगुणा म्हणाले. त्यावर कोणी काही म्हणालं नाही. मी खांदेकऱ्यांना खूण केली. ते सरळ दरवाजातून आत निघाले. भास्कररावांना बाजूला व्हावं लागलं. आमच्या माणसांचा धक्का लागू नये म्हणून ते स्वतःच झाले.

पाळकसाहेब आत आले नाहीत. दरवाजातूनच परत फिरले. मला वाटलं होतं, येतील.

माती लोटून झाली तेव्हा भास्कररावांनी मला सांगितलं, "उद्यापासून बोर्डिंगात येऊ नका." मी विचारलं, "चार्ज कोणाला देऊ?" त्यांना वाटलं मी थट्टा करते. मी थट्टा करत नव्हते. साठ मुली होत्या तिथे. संध्याकाळपर्यंत बसून सगळ्या याद्या नव्यानं लिहिल्या, किल्ल्या कागदावर मांडल्या आणि निघाले.

आता मी महारवाड्यात राहते. सकाळी शिवण, दुपारी आळीतल्या मुलींना अक्षरं. आळीतली आणखी दोन माणसं गेली, दोघांनाही नाल्याच्या बाजूला, भिंतीच्या आतच माती दिली. त्यांच्या वेळेसही पाळक आले नाहीत. वाचन मीच केलं. काहीजण म्हणतात, आता झालं ना, आईला जागा मिळाली, उगाच वैर कशाला वाढवता. लाजरसची बायकोही म्हणाली. तिच्या नवऱ्याला त्या खाड्यानंतर आठ दिवस कामावर घेतलं नाही. तिचं म्हणणं मी ऐकून घेतलं. तिला तो हक्क आहे.

पण झालेलं नाही. मंडळीच्या कायमच्या दप्तरात अजून 'महारवाडा व इतर' असंच आहे. माझी वही दप्तरात घ्यायला कमिटी तयार नाही. मी दर महिन्याला अर्ज देते, प्रत ठेवते. सात झाले. रविवारी चर्चला जाते. दाराजवळ बसत नाही. सतरंजीच्या कडेला बसते. माझ्या शेजारची बाई उठून जाते, आणि मी तिथे थोडी ऐसपैस बसते.

पुढच्या महिन्यात मंडळीच्या शाळेचं छप्पर बदलायचं काम निघतंय. ते सगळ्यांनी हातानंच करायचंय, असं पुन्हा व्यासपीठावरून सांगितलं गेलंय. यादी ठेवायला मला कोणी सांगितलेलं नाही. मी ठेवणार. रोज सकाळी सहाला शाळेच्या दारात उभी राहीन. जो आला त्याचं नाव शाईनं लिहीन. जो आला नाही त्याचंही लिहीन, पूर्ण, बापाच्या नावासकट, आणि त्यापुढे फुली मारीन. काम संपेल त्या रविवारी, आशीर्वाद व्हायच्या आधी, मी उभी राहून ती वाचीन. पहिल्या नावापासून शेवटच्या नावापर्यंत. या वेळेस खाली बसणार नाही. मला बसवायचं असेल तर त्यांच्यातल्या कोणालातरी पुढे येऊन माझा हात धरावा लागेल.